माझ्या वाफ्यातला चाकवत आणि समितीचं पत्र

इथे जर्मनीत आम्ही एका संस्थेकडून भाजीपाल्यासाठी छोटी बाग भाड्याने घेतलीय, मंगळवारी टपालात त्या संस्थेचं पत्र आलं आणि दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. दर जूनमध्ये समितीचे तिघं जण हातात कागद घेऊन सगळ्या बागांमधून फिरतात, कुंपण किती वाढलंय, भाजी किती लावलीय, शेड नीट आहे का ते बघतात. या वेळी आमच्या नावापुढे लिहिलं होतं की तिसऱ्या वाफ्यात तण माजलंय, चार आठवड्यांत काढावं.

तण! अहो, तो चाकवत आहे.

तुम्हाला मंडईत पेंडी मिळते तोच चाकवत. पानाच्या मागे पांढरट पिठूळ, पाणी शिंपडलं की थेंब पानावर टिकत नाही, गोळी होऊन घरंगळतो. जर्मनीत तो कुठेही उगवतो, रेल्वेच्या कडेला, बांधकामाच्या ढिगावर, कुणाच्याही वाफ्यात, आणि कुणीही तो उपटून फेकतं. इथलं त्याचं नाव वाइसर गेन्सेफुस, म्हणजे पांढरा हंसपाय. पहिल्या वर्षी मीही दोन दिवस उपटत होते, तिसऱ्या दिवशी एक पान सहज चुरडून वास घेतला आणि तिथेच मातीत बसले. वाईला आमच्या परसात आई थंडीत चाकवत लावायची. तोच वास. छत्तीस वर्षं या देशात राहिले, रोज त्याच्या शेजारून कामाला गेले आणि मला कळलंच नाही.

तर अशा चाकवताला मी मुद्दाम एक वाफा दिलाय, ओळीत विरळणी करून, आणि समितीने त्याला तण म्हटलं. आमच्या ह्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "अगं, नियम आहे त्यांचा, काढून टाक, कशाला वाद." मला त्या क्षणी ह्यांचाही राग आला.

नियमांचं सांगते, कारण ताईला फोनवर सांगितलं तर तिला खरंच वाटेना. आम्ही लाइपझिगला राहतो, लेकीच्या जवळ, रिटायर झाल्यावर या शहरात आलो. या बागांना श्रेबरगार्टन म्हणतात ते इथल्याच श्रेबर नावाच्या डॉक्टरांमुळे. गंमत म्हणजे त्यांनी स्वतः बाग काढलीच नाही, ते 1861 मध्ये गेले, मग 1865 मध्ये त्यांच्या नावाने मुलांना खेळायला मैदान झालं, आणि पुढे गेझेल नावाच्या एका शिक्षकाने मैदानाच्या कडेला मुलांसाठी छोटे वाफे पाडले. मुलं कंटाळली, आईबाप वाफ्यात उतरले, आणि ते काही परत बाहेर आले नाहीत. आता देशभर अशा लाखो बागा आहेत, आणि त्यांच्यासाठी 1983 चा एक स्वतंत्र कायदा आहे. एक बाग साधारण 400 चौरस मीटरच्या आत, म्हणजे आपले चार गुंठे, आतलं लाकडी घर ओसरी धरून 24 चौरस मीटरपर्यंत, त्यात कायमचं राहायचं नाही. भाडं किती घ्यायचं यालाही मर्यादा आहे, म्हणून तर आमच्यासारख्या पेन्शनवाल्यांना परवडतं. आणि साधारण एक तृतीयांश जागेत फळं-भाज्या हव्यातच, हे तर 2004 मध्ये सर्वोच्च पातळीच्या कोर्टाने सांगितलंय. नुसतं लॉन आणि आरामखुर्ची चालत नाही. रविवारी गवत कापायचं यंत्र लावायचं नाही. वर्षातून ठरावीक तास सगळ्यांनी मिळून सार्वजनिक वाट झाडायची, कुंपण छाटायचं, नाही आलात तर पैसे भरा.

आधी मलाही हे जाचक वाटायचं. आता वाटत नाही. नियम आहेत म्हणून शेजारच्याने बंगला बांधून माझं ऊन अडवलेलं नाही, आणि नियम आहेत म्हणूनच रविवारी दुपारी तिथे मधमाश्यांचा आवाज ऐकू येतो. वाईत आमच्या घरामागे अख्खं परस होतं, फणस होता, अळू होतं, आता तिथे तीन मजली बिल्डिंग आहे आणि खाली दुकानांचे गाळे. विकलं आम्हीच, सगळ्या भावंडांनी सह्या केल्या, मीही केली, त्यामुळे मला बोलायचा अधिकार कमी आहे हे मान्य. पण इथे जमीन भाड्याची, आमच्यापैकी कुणालाच ती विकता येत नाही, माझ्यानंतर दुसरं कुणी येऊन वांगी लावेल, याचं मला फार बरं वाटतं.

ताई म्हणते, "या वयात माती उकरायला जर्मनीत राहिलीस होय? इकडे ये, माणसांत राहा." ताई सत्त्याहत्तरची. तिला एसटीचा प्रवास फुकट आहे, 2022 पासून पंचाहत्तरच्या वरच्या सगळ्यांनाच आहे, आणि ती त्याचा इतका आनंद घेते की ऐकून मन भरून येतं. महिन्यातून एकदा मैत्रिणींबरोबर नरसोबाची वाडी नाहीतर पंढरपूर, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, येताना बसमध्ये भजनं. इथे फुकट काही नाही, आमचं महिन्याचं तिकीट 2023 मध्ये 49 युरोला सुरू झालं आणि 2025 मध्ये 58 झालं, म्हातारा असो की तरुण. इथल्या बसमध्ये भजनं तर सोडाच, कुणी मोठ्याने बोलतही नाही. या बाबतीत आपला महाराष्ट्र शंभर पावलं पुढे आहे आणि हे मी इथे सगळ्यांना अभिमानाने सांगते.

पण ताईचे बाकीचे दिवस मी पाहिलेत. सकाळी नातवाचा डबा, मग गॅसवाला, मग बाईला काय करायचं ते सांगणं, दुपारी कुणीतरी येतंच, संध्याकाळी क्लासला सोडणं. तिला एकदा विचारलं, तुला एकटीला नुसतं बसावंसं वाटलं तर कुठे बसतेस? ती म्हणाली, देवघरात, तिथे कुणी हाक मारत नाही. हे ऐकल्यापासून ती मला "एकटी पडलीस" म्हणाली की मी वाद घालत नाही. मी एकटी नाहीये, मला हवं तेव्हा एकटं राहता येतं, आणि हे मला अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा मिळालंय. लग्नाआधी आईच्या घरात नव्हतं, लॅबमध्ये तर नव्हतंच, मुलगी लहान असताना स्वप्नातही नव्हतं. आता मी सकाळी दहाला ट्रामने बागेत जाते, फाटक उघडते, आधी टोमॅटोला पाणी, मग थर्मासमधला चहा, आणि एक तास कुणाचंही काही करत नाही. हे सुख मी कुणाला समजावून सांगू शकत नाही.

माणसांचं म्हणाल तर शेजारच्या बागेत एक बाई आहेत, सत्त्याऐंशीच्या. मनात मी त्यांना मावशीच म्हणते. पहिल्या वर्षी मी एप्रिलच्या उन्हाला भुलून टोमॅटोची रोपं बाहेर लावली, त्या कुंपणावरून म्हणाल्या, "आइसहायलिगे अजून व्हायच्यात." म्हणजे 11 ते 15 मे असे बर्फाच्या संतांचे दिवस, शेवटची ती थंड सोफी, ती गेल्याशिवाय नाजूक रोप बाहेर काढायचं नाही. आपल्याकडे कसं मृग लागल्याशिवाय घाई करत नाहीत तसंच. मी ऐकलं नाही. 13 मेला रात्री थंडी पडणार होती, आम्ही घरी, आणि सकाळी पळत जाऊन बघितलं तर माझ्या प्रत्येक रोपावर जुनी चादर, वर चिमटे लावलेले. संध्याकाळी उशिरा त्या काठी टेकत आल्या होत्या. त्यांनी स्वतःहून एका शब्दाने सांगितलं नाही, चादरीवरची फुलं ओळखीची होती म्हणून मला कळलं.

तर पत्र घेऊन मी आधी त्यांच्याकडेच गेले. त्यांनी वाफा पाहिला, एक शेंडा खुडला, हातात फिरवला आणि म्हणाल्या, "मेल्डे. हे आम्ही खाल्लंय." मेल्डे हे चाकवताचंच इथलं बोलीतलं नाव. युद्ध संपलं तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. दुकानात काही नव्हतं, आई त्यांना आणि भावाला पिशवी देऊन पडक्या घरांच्या ढिगांवर पाठवायची, हे आणि खाजरी पानं गोळा करून आणायला, मग नुसतं पाण्यात उकडून, मीठही मोजून. "त्यानंतर कधी तोंडात घातलं नाही," म्हणाल्या.

मला काय बोलावं सुचेना. माझ्यासाठी जो आईच्या परसाचा वास, तोच त्यांच्यासाठी भुकेचा. दुसऱ्या दिवशी तरी मी पातळ भाजी करून नेली. कोवळे शेंडे खुडून, धुऊन, बारीक चिरून शिजवले, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे वेगळे मऊ केले, ताकात बेसन कालवून सगळं एकत्र घोटलं, आणि वरून भरपूर लसूण आणि सुकी मिरची तेलात खमंग तांबूस करून ओतली. इथलं बुटरमिल्श ताकाला अगदी चालतं. मिरची त्यांच्यासाठी एकच. त्यांनी चमचाभर घेतलं, बराच वेळ बोलल्या नाहीत, मग वाटी संपवली. "आईकडे ताक नव्हतं," एवढंच म्हणाल्या.

गुरुवारी समितीच्या भेटीच्या वेळेला त्या माझ्याबरोबर आल्या. मी म्हटलं, ही भाजी आहे, आमच्याकडे बाजारात विकतात, माझ्या आईने पिकवलेली आहे. बोलताना आवाज चढला माझा, ते बरं दिसलं नसेल. तिथले गृहस्थ शांतपणे म्हणाले की खाता येतं हे त्यांनाही माहीत आहे, पण एका झाडाला हजारो बिया धरतात, त्या शेजाऱ्यांच्या वाफ्यात गेल्या तर वर्षानुवर्षं उगवत राहतात. हे खरं आहे, मला मानावं लागलं. मग ठरलं असं की चाकवत राहील, पण बी धरायच्या आत कापायचा, आणि वाफ्यावर पाटी लावायची. आता पाटी आहे, वर जर्मन नाव, खाली देवनागरीत चाकवत. माझ्या माहितीत आमच्या सगळ्या बागांमध्ये देवनागरीतली ती एकच पाटी, फोटो ताईला पाठवला, तिने देवघरातूनच फोन केला.

बियांसाठी फक्त दोन झाडं राखलीत, तुऱ्यांना माझ्या जुन्या सुती ओढणीचे तुकडे बांधून, एकही बी खाली पडू नये म्हणून. मावशी रोज कुंपणावरून गाठ तपासतात. शनिवारी त्यांच्याकडे तीनची कॉफी आहे, केक त्या करणार, ताकातलं मी न्यायचं, आणि मिरच्या या वेळी दोन घाल म्हणाल्यात.