मालवलेला दिवा

आज रविवार. सकाळपासून व्हायोलिनवर एकच धून घोळवतेय, 'दा स्लॉकिट लाइट'. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, तिथली. इतकी संथ, इतकी मुरलेली की मी ती दोनतीनशे वर्षांपूर्वीची लोकधून धरून चालले होते. निघाली १९६९ सालची! रचली टॉम अँडरसन यांनी. बेटांवरच्या जुन्या धुना म्हाताऱ्या वादकांकडून गोळा करून पुढच्या पोरांना शिकवणारा हा माणूस, म्हणून तर हिलाही तोच जुना वास आहे.

जानेवारी संपत आलेला, रात्रीचे अकरा वाजून गेलेले. अँडरसन शेटलंडमधल्या आपल्या एशनेस भागातून परत निघाले होते. टेकडीच्या माथ्यावरून मागे वळून पाहिलं, तर लहानपणीच्या मानाने दिवे किती थोडे! तेही बघता बघता एकेक करून गेले. बायको नुकतीच वारली होती. त्यांना बोलीतला जुना शब्द आठवला, स्लॉकिट. म्हणजे विझलेला.

पण आमची आजी दिवा 'विझला' म्हणू द्यायची नाही. "मालवला म्हण गं." त्यामुळे माझ्या वहीत या धुनेचं नाव 'मालवलेला दिवा' असंच लिहिलंय.

आजीच्या वाडीत आता रात्री दोनच घरांत उजेड असतो. आज वाजवताना तीच दोन घरं डोळ्यांपुढे होती. बोटांना गजाची राळ चिकटलीय, आणि शेवटचा सूर लांबवताना गज अजून थरथरतोय. उद्या पुन्हा बसणार आहे.