तुम्ही विचारलंत म्हणून: काड्याच का?

काड्या विकणाऱ्या मुलीवरचा आमचा विद्यार्थी-लघुपट पाहिलेली मंडळी, विशेषतः ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले आमचे मराठी नातेवाईक, हमखास विचारतात, “अगं, आजच्या काळात काडेपेट्या विकत कोण हिंडतं? त्या पोरीच्या हातात फुगे द्यायचे होतेस.”

प्रश्न रास्त आहे. आमचा लघुपट ज्या गोष्टीवर बेतला आहे त्या, डॅनिश लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या १८४५ सालच्या गोष्टीत वर्षाच्या शेवटच्या रात्री एक अनवाणी मुलगी काड्या विकत फिरते. एकही खपत नाही, बाप मारील म्हणून घरी जाता येत नाही, तेव्हा भिंतीच्या आडोशाला बसून ती एकेक काडी ओढते, प्रत्येक उजेडात तिला काही दिसते, शेवटी आजी दिसते, आणि सकाळी ती गारठून मेलेली सापडते. ही थंडी ग्वाल्हेरला उसनी आणावी लागत नाही. अडचण मालाची होती. जे विकायचे तेच ती जाळते, हा या गोष्टीचा कणा आहे आणि फुग्यांना तो पेलत नाही.

मग दिवाळीतल्या उरलेल्या फुलबाज्या सुचल्या. गच्चीवर चाचणी घेतली. चित्र देखणे आले, पण प्रसंग फसला. एक फुलबाजी विझण्याआधी तिच्यावर दुसरी पेटते, त्यामुळे अंधार पडतच नाही. गोष्टीत काडी विझली की समोर पुन्हा नुसती थंडगार भिंत उरते आणि पुढची काडी ओढण्याचा मोह त्या भिंतीपायी होतो. (शिवाय पहिली फुलबाजी पेटवणार कशाने, असे कॅमेरा धरणाऱ्या मित्राने विचारले, तेव्हा आम्ही सगळेच गप्प झालो.)

काड्या परत आल्या, पण अँडरसनच्या मुलीसारखी आजची काडी भिंतीवर ओढून पेटत नाही, कारण ती पेटायला लागणारा तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेच्या पट्टीत असतो. आम्ही ती पट्टी सोलून भिंतीच्या चिरेत चिकटवली. जवळून दिसणारा हात लहान मुलीचा नाही; तो आमच्या वर्गातल्या एकीचा आहे आणि मनगटावरचा घड्याळाचा फिकट वळ आम्ही मातीने झाकला होता.

खरी पंचाईत किमतीची होती. डिसेंबर २०२१ पासून काडेपेटी २ रुपयांना झाली. तिच्यात पन्नासेक काड्या धरल्या, तर एका काडीचे ४ पैसे होतात. तेवढ्यासाठी कोणती मुलगी बापाला भिईल? म्हणून आमची मुलगी सुट्ट्या पेट्या विकत नाही. तिच्याजवळ दहा पेट्यांचा कागदात बांधलेला पुडा आहे, तो फोडला की दुकानदार परत घेत नाही, आणि काडी ओढण्यापूर्वी ती तो कागद नखाने उकलते, त्यावर कॅमेरा बराच वेळ थांबतो.

सकाळच्या प्रसंगात अँडरसनची माणसे म्हणतात, बिचारीला ऊब हवी होती. आमच्याकडे हे वाक्य कोणीच बोलत नाही. दुकानदार वाकतो, फाटलेल्या पुड्यातल्या न उघडलेल्या पेट्या मोजतो. आठ भरतात.