पंपावरच्या पोराने गॅस नाकारला

हिंजवडीतल्या कंपन्यांना माणसं नेणाऱ्या व्हॅनचं रोस्टर मी सांभाळतो. शेवटचा ड्रॉप एकट्या बाईचा येऊ नये इथपासून सगळं बघावं लागतं, पण खरा वेळ खातो तो गॅस. जवळपास सगळ्या गाड्या सीएनजीच्या. पंपावर दाब उतरला की दोनशे बारची टाकी दीडशेवरच थांबते आणि पाळी सुटायच्या आत पुन्हा रांग. मग ड्रायव्हर माणसं बसलेली असतानाच गाडी पंपावर घालतात. मला हे मुळीच पटत नाही.

त्या संध्याकाळी ड्रायव्हरमामांचा फोन आला, "साहेब, पंपवाला गॅस देईना." मी पोचलो तेव्हा मागून हॉर्न वाजत होते, खाली उतरलेली माणसं त्या पोरावर ओरडत होती, पंपाचा मॅनेजरही "भर रे, जाऊ दे" म्हणत होता. पोराने नोझल हातात धरून ठेवलं होतं. त्याने बॉनेटखालची पट्टी मला दाखवली. टाकीच्या हायड्रोटेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणाऱ्या तपासणीची, मुदत कधीच संपलेली.

ही टेस्ट दर तीन वर्षांनी करायची असते. टाकी उतरवायची, पाणी भरून तीनशे बारच्या वर दाब द्यायचा, दाब सोडल्यावर टाकी फुगलेलीच राहते का ते बघायचं. तेवढा वेळ गाडी उभी राहते, म्हणून अटॅच, म्हणजे व्हेंडरकडे भाड्याने लावलेल्या, गाड्यांचे मालक ती टाळतात. गाडी पुरवणाऱ्या व्हेंडरने आम्हाला दिलेलं टेस्टचं सर्टिफिकेट मात्र चालू तारखेचं होतं. मी फोनवर ते उघडलं, मागची सीट पुढे घेतली, टॉर्च मारून टाकीच्या मानेवर ठोकलेला नंबर फडक्याने पुसून वाचला. कागदावरचा नंबर दुसऱ्याच टाकीचा होता.

टाकीचा वॉल्व्ह बंद केला, गाडी पेट्रोलवर टाकली, माणसं पोचवली. कुणीही त्या पोराला सॉरी म्हटलं नाही. तेवढ्या गर्दीत आपलं काम चोख करणारा तो एकटाच होता, आणि पगार सगळ्यात कमी त्याचाच असणार.

दुसऱ्याच दिवशी गाडी रोस्टरमधून काढली, व्हेंडरला लेखी कळवलं. "एवढ्याशा कागदासाठी धंदा बुडवता," असं उत्तर आलं. परवा वाकडला ती गाडी दिसली, दुसऱ्या कंपनीची पाटी लावून, आत माणसं भरलेली. तिला गॅस कोण देतं?