पंचवीस ठिपके आणि रोलिंगच्या रेघा

५ बाय ५ सेंटिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा, त्यावर २५ सौर सेल. दुपारी मोजून झाले तेव्हा ११ मेलेले होते. मेलेले म्हणजे अंधारातला व्होल्टेज-करंटचा आलेख डायोडसारखा वळत नव्हता, शून्यातून सरळ रेघ जात होती, साधारण ४० ओहमची. पाव चौरस सेंटिमीटरच्या सेलमध्ये उजेडात तीनेक मिलिअँपिअर तयार होतात. ते सगळे या ४० ओहममधूनच निसटतात आणि टोकांवर जेमतेम ०.१२ व्होल्ट उरतो. शेजारचा धडधाकट सेल ०.८८ देत होता.

रचना नेहमीचीच. पत्र्यावर १५० नॅनोमीटर चांदी, तिच्यावर १०० झिंक ऑक्साइड, मग अमॉर्फस, म्हणजे स्फटिकरचना नसलेल्या, सिलिकॉनचे एन, आय, पी थर (मधला आय उजेड शोषणारा, दोन बाजूचे भेसळ केलेले): २०, ३०० आणि १२ नॅनोमीटर. सगळ्यात वर ७० नॅनोमीटर आयटीओ, म्हणजे वीज वाहणारं पारदर्शक ऑक्साइड, मास्कमधून ठिपक्यांत पाडलेलं. सिलिकॉन सिलेन (सिलिकॉन असलेला वायू) आणि हायड्रोजनच्या प्लाझ्मातून, १३.५६ मेगाहर्ट्झवर, पत्रा २०० अंशांना. सेकंदाला दोन अँगस्ट्रॉम या वेगाने एकट्या आय थरालाच २५ मिनिटं जातात.

पहिला संशय भुकटीवर. पॉवर किंवा दाब जरा चढला की सिलेनची वायूतच तपकिरी भुकटी होते. तिचा कण पत्र्यावर पडला की त्याच्याखाली थर बसत नाही, पुढे कण उडून जातो आणि भोक राहतं. चेंबर उघडायची तयारीही झाली होती. पण त्याच रनमध्ये, म्हणजे थर चढवण्याच्या त्याच फेरीत, त्याच होल्डरवर, चांदी आणि झिंक ऑक्साइड चढवलेला काचेचा तुकडा होता. त्यावरचे २५ पैकी २४ सेल ठणठणीत. भुकटी पडताना काच की स्टील असा भेदभाव करत नाही. असा काचेचा तुकडा न ठेवता रन लावणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

मग कोरा पत्रा अॅसिटोनने पांढऱ्या कापडावर पुसला. कापड करडं झालं: रोलिंगचं, म्हणजे पत्रा रुळांत दाबून पातळ करतानाचं, तेल. आमची धुलाई काचेसाठी ठरवलेली होती, तेलासाठी नव्हे. नवा तुकडा गरम साबणपाणी, अॅसिटोन आणि आयसोप्रोपेनॉल, प्रत्येकी १० मिनिटं अल्ट्रासॉनिकमध्ये, मग नायट्रोजनने कोरडा करून पुन्हा रन. या वेळी मेलेले ७.

हे ७ कुठे होते ते कागदावर मांडलं, तेव्हा खरी गंमत दिसली. दुसऱ्या उभ्या रांगेतले पाचही आणि चौथ्या रांगेतले दोन, बाकी सगळे जिवंत. तुकडा कापताना रोलिंगची दिशा कळावी म्हणून एक कोपरा छाटलेला असतो. मेलेल्या रांगा त्याच दिशेने होत्या. दिवा अगदी तिरपा धरून कोऱ्या पत्र्याकडे पाहिलं की केसासारख्या रेघा चमकतात. त्यांना आडवी प्रोफाइलोमीटरची, म्हणजे पृष्ठभागाचे चढउतार मोजणाऱ्या यंत्राची, सुई फिरवली. एका रेघेच्या काठाला १.२ मायक्रॉनची धार निघाली. चांदीपासून पी थरापर्यंतची सगळी उंची ०.६ मायक्रॉनसुद्धा नाही. अशा धारेच्या बाजूवर सिलिकॉन विरळ बसतो आणि वरचं आयटीओ थेट खालच्या धातूला भिडतं.

पुरवठादाराच्या कागदावर खडबडीतपणा ०.१ मायक्रॉन लिहिलेला होता आणि तो खोटा नव्हता. ती सरासरी होती. सेलला सरासरीशी देणंघेणं नाही, एक उंच टोक पुरतं. तेव्हापासून पत्रा मागवताना आम्ही कमाल उंचीचा आकडा मागतो.

मेलेल्या सातांना ३ व्होल्ट उलटं व्होल्टेज देऊन पाहिलं. करंट शॉर्टच्या जागी एकवटतो, तिथलं आयटीओ जळून तुटतं. तीन परतले, पण फिल फॅक्टर (आलेख आदर्श चौकोनाच्या किती जवळ आहे ते सांगणारा आकडा) ०.५२, बाकीच्यांचा ०.६६. डागडुजीच ती.

पुढचा तुकडा फॉस्फोरिक-सल्फ्युरिकच्या द्रावणात इलेक्ट्रोपॉलिश केला, म्हणजे विजेने गुळगुळीत केला: २५ पैकी २३ जिवंत. मात्र पॉलिशचा खर्च धरला की स्वस्त पत्र्याचा हिशोब डळमळतो. दुसरा मार्ग म्हणजे पत्र्यावर दोन-तीन मायक्रॉनचा सोल-जेल (द्रावणातून चढवून घट्ट केलेल्या) सिलिकाचा लेप. तो विद्युतरोधक असल्याने मागचा संपर्क पत्र्याऐवजी चांदीवरून घ्यावा लागतो, पण त्याच पत्र्यावर लेझरने सेल कापून सिरीजमध्ये जोडता येतात, जे उघड्या स्टीलवर शक्यच नाही. पुढचे रन त्याचे आहेत.

ते २३ सेल सध्या दिव्याखाली ५० अंशांना ठेवलेत, १००० तासांसाठी. अमॉर्फस सिलिकॉनच्या सेलची कार्यक्षमता उजेडात सुरुवातीलाच उतरते, हे १९७७ पासून माहीत आहे. त्यामुळे आजचा आकडा वहीत पेन्सिलीने लिहिलाय.