आमची वाटचाल : आधी टेप, मग रेझिन

आम्ही बेळगावात मिरवणुकांसाठी फायबरचे टोप, म्हणजे मावळ्यांची शिरस्त्राणं, करतो. आमच्या शेडमध्ये शिरलात की समोरच्या खिळ्याला एक वाकडा टोप टांगलेला दिसेल. नवीन गिऱ्हाईक हटकून विचारतं, "ह्यो विकायचा हाय काय?" नाही. आमच्या पहिल्या मोठ्या ऑर्डरीतला तो परत आलेला नग आहे. नाकपट्टी उजव्या डोळ्याकडे बोटभर सरकलेली. तो घालणारा मावळा रात्रभर तिरळा दिसत होता, असं मंडळाच्या अध्यक्षांनी चार लोकांसमोर सुनावलं होतं.

मी मूळचा पॅटर्नवाला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका पॅटर्न शॉपमध्ये अकरा वर्षं काढली. फाउंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतण्याआधी वाळूत जो लाकडी नमुना दाबतात, तो आम्ही करायचो. बीड थंड होताना मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर आकसतं, म्हणून आमची मोजपट्टीसुद्धा तेवढी वाढीव असते. दोन भागांचा पॅटर्न असेल तर मधली पार्टिंग लाइन (दोन भाग मिळतात ती रेघ) आणि डॉवेल पिना (दोन्ही भाग जागच्या जागी धरणाऱ्या खुंट्या), यांवर सगळा जीव. पिन हलली की कास्टिंग भंगारात. या धंद्याचा आणि शिरस्त्राणाचा काय संबंध, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मीही हसलो असतो.

संबंध आणला तो वळवाने. बेळगावची शिवजयंती तिथीप्रमाणे, वैशाख शुद्ध द्वितीयेची. नंतर चित्ररथांची मिरवणूक निघते आणि पहाटेपर्यंत चालते. गाड्यांवर सजीव देखावे, गल्लीगल्लीतली पोरं मावळे होऊन उभी. दिवस वळवाचे. एका वर्षी ऐन मिरवणुकीत पाऊस कोसळला आणि आमच्या गल्लीच्या चित्ररथावरचे पुठ्ठ्याचे टोप पोरांच्या कानांवर लोळू लागले. चंदेरी रंग गालांवरून ओघळत होता. शेजारी उभे असलेले दाजी म्हणाले, "तू लाकडाचे एवढे नमुने करतोस, एक टोप होत नाही काय तुझ्याच्यानं?"

झाला. सागवानाचा नमुना, त्यावरून फायबरचा साचा, साच्यात जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर), वर मॅट (काचतंतूंची चटई) आणि रेझिन (वाळून घट्ट होणारं चिकट द्रव). कारागिरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट ओरडून सांगतो : रेझिन घट्ट व्हायला घालतात ते कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट ओतायचे नाहीत, भडका उडतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट ढवळायचा, हार्डनर वापरायच्या वेळी. बाकी सगळं हाताला कळत जातं. एप्रिलमध्ये मगात ओतून ब्रश उचलेपर्यंत रेझिन जेली होतं, जुलैत तेच दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटतं.

सोसायटीचं कर्ज काढलं, पिग्मीची रोजची बचत मोडली आणि चाळीस टोपांची ऑर्डर घेतली. आमचा टोप कानापाशी आत वळतो, त्यामुळे एकसंध साच्यातून तो निघत नाही. डावा अर्धा, उजवा अर्धा, मध्ये कपाळापासून मानेपर्यंत जोड. जोडावर पट्टी, पट्टीच्या पुढच्या टोकाला नाकपट्टी. घाई अशी की साच्यातून अर्धे गरम असतानाच उपसत होतो. असा गरम काढलेला अर्धा उघड्यावर पसरतो. दिसायला काही दिसत नाही, पण कडेला चार-पाच मिलिमीटर फरक पडतो. आम्ही मानेकडून जोडायला सुरुवात केली, कडेला कड जुळवत वर आलो, आणि साठलेला सगळा फरक कपाळावर येऊन उभा राहिला. तिथेच नाकपट्टी. चाळीसपैकी नऊ वाकडे. अकरा वर्षं पार्टिंग लाइन जुळवणारा माणूस मी, आणि स्वतःच्या मालाला एक पिन ठोकली नव्हती. कुणाला सांगणार?

त्या नवातला एक खिळ्यावर आहे. बाकीचे फोडले.

नंतर जे बसवलं ते आजही तसंच आहे. साच्यातून माल रात्र उलटल्यावरच काढायचा. कडा सपाट फळीवर 80 नंबरच्या पॉलिश पेपरला घासायची, दोन्ही अर्धे जोडून उजेडाकडे धरले तर फटीतून प्रकाश येता कामा नये. मग तीन पिना : कपाळ, टाळू, मान. एका अर्ध्याला पिना, दुसऱ्याला भोकं. कपाळाचं भोक गोल आणि घट्ट, टाळूचं आणि मानेचं लांबट. यात सगळी गंमत आहे. फायबरमध्ये फरक राहणारच, कितीही जपा. कपाळाची पिन हलत नाही, म्हणून फरक मागे सरकत जातो आणि मानेवर उतरतो. मानेवर झालर असते. कोण बघतंय?

झालर आमची ही, म्हणजे बायको, करते. खरी कड्यांची जाळी डोक्याला जड, शिवाय महाग. जाड सुती दोऱ्याची क्रोशाने विणलेली जाळी, तिला आधी काळ्या रंगाचा हात आणि वरून सुक्या ब्रशने चंदेरी. दहा फुटांवरून लोखंड वाटते. वडगावातल्या तीन बायका आता घरबसल्या विणतात, मापं हीच देते, आणि त्यात मी तोंड घातलेलं तिला चालत नाही.

किटची कल्पना गोव्याने दिली. शिगमोच्या, म्हणजे तिकडच्या होळीच्या सणाच्या, मिरवणुकीसाठी पणजीकडची मंडळं टोप मागायची. तयार टोप म्हणजे खोक्यात निम्मी हवा. चोर्ला घाट उतरेपर्यंत तुऱ्याची नळी मोडलेली. अर्धे मात्र एकात एक वाटीसारखे बसतात, एका टोपाच्या जागेत सहा जातात. म्हणून सुटे भाग द्यायला लागलो : दोन अर्धे, कपाळपट्टी, नाकपट्टी, दोन कानपट्ट्या, तुऱ्याची नळी, झालर, गादीचा फोम, हनुवटीचा पट्टा, आणि पिशवीत पिना-स्क्रू.

आणि फोन सुरू झाले. माणूस किट उघडतो आणि पहिल्यांदा डिंक शोधतो, हा मनुष्यस्वभाव आहे. सोबतच्या कागदावर म्हणून सगळ्यात वर मोठ्या अक्षरात छापलं : आधी टेप, मग रेझिन. पिना बसवा, दर दोन इंचांवर मास्किंग टेप मारा, आणि आतला फोम आधी लावा. फोमशिवाय टोप डोक्यावर गरगर फिरतो, मग काय सरळ आणि काय वाकडं? प्रौढ डोक्याचा घेर 56 ते 58 सेंटिमीटरच्या आसपास, आमचा टोप आतून 62. मधली जागा फोमची. टोप चढवून अंगणात दहा पावलं चाला. कपाळपट्टीच्या मध्याला दोरा आणि दोऱ्याला नट बांधून आरशात बघा. दोरा दोन्ही डोळ्यांच्या मधून गेला पाहिजे. नाकावर जाऊ नका, नाकं सरळ कमी असतात. आरशात पटलं तरच टोप उतरवून आतून दोन इंची मॅटच्या पट्ट्या, दोन थर. बाहेरची टेप तशीच राहू द्या, रेझिन बाहेर ओघळत नाही. वाळल्यावर टेप काढून पुटी, मग 120, 220, 400 चा वॉटर पेपर.

कागदाची मागची बाजू कानडीत. ती आमच्या हुक्केरीच्या कारागिराने लिहिली आणि ती माझ्या मराठीपेक्षा सोपी झाली, हे कबूल करायला हवं. त्याने तीन वाक्यांऐवजी दोऱ्याचं चित्र काढलं. आता दोन्ही बाजूंना तेच चित्र आहे.

परक्या किटने एकदा चांगलं नाक कापलं. इंजिनिअरिंगचा एक पोरगा बेंगळुरूच्या कॉमिक कॉनसाठी (कॉमिक्समधल्या पात्रांचे वेश घालून जातात तो मेळावा) बाहेरून मागवलेलं हेल्मेट घेऊन आला. पातळ एबीएस प्लास्टिकचे भाग, वर उघडणारा चेहरा, धुरकट ॲक्रिलिकची काच. भाग जुळवले, पिना नव्हत्या म्हणून टेपवर सगळं पेललं, आरशात झकास. चेहरा बंद राहायला चुंबकं लावायची होती. रात्री अकराला इपॉक्सी गोंदात बसवली आणि डाव्या बाजूचं उलटं बसलं. सकाळी चेहरा बंद केला की उजवीकडे टच्चकन बसे, डावीकडे उडी मारून उघडे. त्यावर कडी म्हणजे कडेची पट्टी सुपरग्लूने चिकटवून हेल्मेट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं होतं. त्याची वाफ काचेवर पांढरी बसली. ॲसिटोनने पुसावी म्हटलं तर ॲक्रिलिकला बारीक तडे. मजुरी सोडली, काच पदरची आणून दिली. तेव्हापासून चुंबकाच्या एका तोंडाला मार्करचा ठिपका पडल्याशिवाय ते खोक्याबाहेर येत नाही, आणि काच सगळ्यात शेवटी, स्क्रूने.

2020 ला मिरवणूक नाही, नाटक नाही, गॅदरिंग नाही. फायबरच्या टाक्यांना ठिगळं लावली आणि हप्ते भरले. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आज आम्ही पाच जण. शिवजयंतीचे टोप वैशाखात, शाळांच्या गॅदरिंगचे डिसेंबरात, शिगमो मार्चमध्ये, आणि ऑक्टोबरात कित्तूर. राणी चन्नम्मांच्या सैन्याने 1824 मध्ये कंपनीच्या फौजेला हरवलं, त्याचा उत्सव तिथे भरतो. साचा तोच, कपाळपट्टीवरची नक्षी वेगळी. गेल्या ऑक्टोबरात तिकडच्या एका मास्तरांनी तीस किट नेली, शाळेतल्या पोरांकडूनच जोडून घेणार म्हणाले. मी मनातल्या मनात नऊचा हिशेब मांडून बसलो होतो. चार दिवसांनी फोन आला. मागे पोरांचा गलका, मास्तर जवळजवळ ओरडत होते, "मूगु नेट्टग ऐत्रि!" नाक सरळ आहे हो. मी विचारलं, "तिसांचंही?"

"एकाचं सोडून," मास्तर म्हणाले. "त्याने कागद वाचला नाही."