याचा पतंग कुठंय?

आत्या फलटणहून साताऱ्याला आली की दुपारी झोपत नाही. आम्ही सगळे जेवून आडवे होतो आणि ती घरात नवीन काय काय आलंय ते बघत फिरते. या खेपेला तिला माझा लॅपटॉप उघडा सापडला. पडद्यावर गोव्यातल्या मोरजीचा समुद्र, आणि पाण्यापासून चांगला दोन पुरुष उंच एक पोरगा. पायाला फळी, गुडघे पोटाशी, दोन्ही हात एका आडव्या दांडीला. फळीवरून निथळणारे थेंब एकेक करून मोजता येतील असा फोटो. खेळ काइटसर्फिंगचा, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीनं फळीवरून पाण्यावर धावायचं आणि उड्या घ्यायच्या. माझा लाडका.

आत्यानं चष्मा वर केला, खाली केला, आणि मला हलवून उठवलं. "याचा पतंग कुठंय गं?"

"वर आहे. फोटोत मावला नाही."

"मग हा काय, हवेत लोंबकळतोय नुसता?"

आता हे कुणी साताऱ्याच्या बाईनं विचारलं असतं तर मी कूस बदलून झोपले असते. पण आत्या फलटणची. तिकडं पतंग संक्रांतीला नाही, नागपंचमीला उडतो. आमच्याकडं श्रावणात पाऊस असा लागून असतो की कागद भिजून हातात येईल. फलटण मात्र पर्जन्यछायेतलं, आभाळ भरलेलं आणि जमीन कोरडी. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरवून तोच वारा पुढं उताराला लागतो आणि फलटणच्या गच्च्यांवर जाऊन पतंगांत भरतो. असल्या गावच्या बाईला पतंगावाचून दोरी दाखवायची म्हणजे थट्टाच की.

मी बाजू मांडली. दोऱ्या वीस-पंचवीस मीटर लांब असतात. पतंग आणि माणूस दोन्ही घ्यायचे तर तीसेक मीटरची उंची चौकटीत बसवायला हवी. तशी बसवली की माणूस चौकटीच्या सोळाव्या हिश्शाएवढा उरतो, त्याचा चेहरा सोडाच, बाई की बुवा तेही कळत नाही.

"मग मागं सरकायचं."

"मागं सरकलं की तो आणखी लहान होतो, आत्या."

"होऊ दे की. पतंग उडवणारा लहानच दिसतो."

यावर मला काही सुचलं नाही.

तसं पाहिलं तर सातारकरानं समुद्रावर कॅमेरा घेऊन जाणंच चमत्कारिक. आमचा हात बसलेला असतो कासच्या पठारावर. सप्टेंबरात निम्मा जिल्हा तिथं पालथा पडून सीतेची आसवं टिपत असतो, आणि सगळ्यांचा शत्रू एकच, वारा. फूल जरा थांबलं की टिपायचं, तोवर श्वास रोखून पडून राहायचं. समुद्रावर सगळं उलटं. वारा पडला की खेळणारे बाहेर येतात, पतंग उडून जाऊ नये म्हणून त्याच्यावर मुठीनं वाळू टाकतात आणि शहाळं पीत बसतात. मी पण बसते. वाऱ्याची वाट बघणं मला त्या किनाऱ्यानं शिकवलं.

आणि वारा येतो तो नेमका चुकीच्या वेळी. खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेत पाठ केलेले असतात. परीक्षेनंतर त्यांच्याशी पहिल्यांदा गाठ पडली ती इथं. सकाळी ऊन माझ्या पाठीशी असतं, समुद्र उजळलेला असतो, फोटोला याहून बरं काही नाही, आणि पाण्यावर चिटपाखरू नसतं. दुपारी जमीन तापते, वायव्येकडून वारा धरतो, एकेक पतंग वर चढतो. तोवर सूर्य समुद्राकडं कललेला. आपला सगळा किनारा पश्चिमेला तोंड करून बसलेला, त्यामुळं माणसं काळी ठिक्कर. चेहरे नाहीत, कपड्यांचे रंग नाहीत. पतंग तेवढा मागून ऊन आल्यामुळं आकाशकंदिलासारखा आतून पेटलेला दिसतो. म्हणजे ज्याला रंग आहे तो चौकटीबाहेर, आणि जो चौकटीत आहे त्याचा झालाय कोळसा. गुडघे पोटाशी घेतलेला तो पोरगा स्वच्छ आला, कारण त्या दिवशी एक ढग आडवा आला होता. आत्याला ही हकिगत सांगून उपयोग नव्हता.

तिचे प्रश्न वेगळेच होते. एवढ्या ओढीनं हात नाही का तुटत? नाही, कमरेला पट्टा असतो, त्याच्या आकड्यात सगळा जोर जातो. हातातली दांडी जवळ ओढली की पतंग ओढ घेतो, लांब सोडली की ढिला पडतो. पाण्यात पडला तर? परत उठतो. पुढच्या कडेला नळी असते, पंपानं हवा भरलेली, त्यामुळं तो बुडत नाही. फ्रान्समधल्या लेगेन्यू आडनावाच्या दोघा भावांनी ही युक्ती काढली आणि 1984 मध्ये तिचं पेटंट घेतलं. आत्याला हे पसंत पडलं नाही. पाण्यात पडलेला पतंग संपला पाहिजे, असं तिचं मत. आणि काटाकाटी? काटाकाटी नसते. दोऱ्या एकमेकांत गुंतू नयेत म्हणूनच सगळे जिवाला जपून असतात.

"मग करायचं काय त्याचं?" आत्या म्हणाली. प्रश्न अगदीच बिनबुडाचा नव्हता.

तिच्या लहानपणी मांजा घरी व्हायचा. फुटक्या बाटल्यांची काच खलबत्त्यात कुटायची, वस्त्रगाळ करायची, सरसात मिसळायची. अंगणातल्या दोन कडुनिंबांना सुताचे फेरे घालायचे आणि चिंधीनं ते लगद्यासारखं मिश्रण सुतावर फिरवायचं. कुटण्यापासून चिंधीपर्यंतची सगळी कामं मुलींची. उडवायला भाऊ. माझ्या वेळेपर्यंत मांजा विकत मिळायला लागला होता, पण बाकीची वाटणी तीच. पंचमीला आम्ही फलटणला जायचो, सकाळी मेंदीचे हात घेऊन झोक्यावर, आणि दहा वाजले की माझ्या हातात चक्री. दादाच्या मागं दोन पावलांवर उभं राहायचं. चक्री घट्ट धरायची नाही आणि सैलही सोडायची नाही. तो "ढील" म्हणाला की हात मोकळा करायचा, "गुंडाळ" म्हणाला की जीव खाऊन गुंडाळायचं.

खरी मेख अशी की चांगली चक्री धरणारी "ढील" ऐकून ढील देत नाही. ऐकून दिली तर उशीर होतो, तोवर पेच गेलेला असतो. मी दादाच्या अंगठ्याकडं बघायचे. अंगठा मांज्यावरून किंचित उचलला की समजायचं. त्यामुळं इतक्या पंचम्या झाल्या, इतके पतंग गेले, आमचा पतंग कापला जाताना मी कधी पाहिला नाही. गच्च्यांवरून ओरडा उठायचा, दादाचा हात खाली यायचा, मग मी वर बघायचे. कुठला लाल, कुठला हिरवा, सगळे सारखेच लांब.

समुद्रावर मला हे उलटं करावं लागलं. नवखा फोटोवाला माणसावर नजर ठेवून बसतो आणि उडी हुकवतो. माणूस सांगतच नाही काही. सांगतो पतंग. तो बाजूला झुकून ओढत असतो, आणि उडी घ्यायची असली की सर्रकन डोक्यावर येतो. तो वळला की बोट दाबायचं, शटर सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहून जलद ठेवायचं आणि दाबूनच धरायचं. म्हणजे एक डोळा कॅमेऱ्यात माणसावर, दुसरा उघडा वर पतंगावर. फोटोत पतंग नसतो, पण त्याच्याकडं बघितल्याशिवाय फोटो निघत नाही. हे आत्याला सांगायला हवं होतं, तेव्हा नेमकं सुचलं नाही. आणि उभं राहायचं ते वाऱ्याच्या वरच्या अंगाला. खालच्या अंगाला उभं राहून लेन्स पुसत बसलेली माणसं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो, सुटलेला पतंग तिकडंच जातो.

"बायका करतात हे?" आत्यानं शेवटी विचारलं.

मी जरा ऐटीतच सांगितलं. 2024 च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, पॅरिसचं ऑलिंपिक असलं तरी शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या, आणि बायकांमधलं सुवर्ण एली ऑल्ड्रिज नावाच्या ब्रिटनच्या मुलीनं नेलं.

आत्यानं मान डोलावली. "तिची चक्री कोण धरतं?"

चक्री नसतेच, असं म्हणणार होते. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही आहे. पण किनाऱ्यावर एक जण लागतो. पतंग दोन्ही हातांनी तोलून वाऱ्यात धरणारा. खेळणारा अंगठा वर करून खूण करतो, मग हा सोडतो. फेकायचा नाही, नुसता सोडायचा. तासाभरानं खेळणारा परत येतो, आपल्याच डोक्यावर थापट्या मारतो, म्हणजे आता उतरायचंय. मग हा पळत जातो, खाली येणारा पतंग झेलतो, उलटा करतो, वर वाळू टाकतो.

त्याच्याकडं ऊन असं तिरपं येतं की चेहराही दिसतो. मी त्याचे बरेच काढलेत. खेळणारे संध्याकाळी येऊन आपले फोटो व्हॉट्सअॅपवर मागून घेतात, हे मात्र अजून कुणी मागितलेले नाहीत.