तोनोच्या काप्पाचा नेम नाही

शिनकान्सेनने शिन-हानामाकीला उतरलो आणि कामाइशी मार्गाची गाडी धरली. तासाभरात जपानच्या इवाते प्रांतातलं तोनो येतं, चहूबाजूंनी डोंगर असलेलं. काप्पा म्हणजे जपानी लोककथांतला, डोक्यावर पाण्याची वाटी असलेला जलप्राणी. त्याचा काप्पाबुचीचा डोह स्टेशनपासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. सायकल भाड्याने मिळते. बसने गेलात तर देन्शोएन या लोकजीवन संग्रहालयाला उतरून पाचेक मिनिटं चालायचं.

डोह कसला, जोकेन्जी देवळामागचा झाडीतला ओढा. काठावर गळाच्या काठ्या, आणि दोरीच्या टोकाला काकडी. काकडी लोखंडी गळाला न टोचता बांधलेलीच हवी, कारण काप्पाला लोखंडाचं वावडं. पर्यटन संघ काप्पा पकडायचा परवानाही देतो. त्याच्या अटी अशा: इजा न करता जिवंत पकडा, डोक्यावरच्या वाटीतलं पाणी सांडू देऊ नका, धातूचं अवजार नको, आमिष ताज्या भाजीचंच. ही नुसती पर्यटकांची करमणूक नाही. त्या वाटीतल्या पाण्यातच काप्पाची सगळी ताकद, ते सांडलं की तो गळून जातो. म्हणून तर जुनी युक्ती सांगतात की समोर आला तर वाकून नमस्कार करा. तोही रीतीला पक्का, उलट वाकतो आणि पाणी सांडतं.

इतर ठिकाणी काप्पा हिरवा, इथे तोंडाने लाल. पाण्यावर आणलेले घोडे ओढून नेणारा हाच, आणि जोकेन्जीला आग लागली तेव्हा डोक्यावरच्या पाण्याने ती विझवणाराही हाच. देवळाच्या आवारातल्या राखणदार दगडी श्वानांची डोकी त्याच्यासारखी खोलगट आहेत. नीट वरून बघा, एरवी लक्षातही येत नाही.

पण मला खरी धास्ती वाटते ती झाशिकी-वाराशीची. हे घरात वावरणारं, मुलाच्या रूपातलं भूत. ते आहे तोवर घराची भरभराट. १९१० साली लोककथांचे अभ्यासक यानागिता कुनिओंनी छापलेल्या 'तोनोच्या कथां'त मागोझाएमोन नावाच्या श्रीमंताची हकिगत आहे. गावातल्या एकाला पुलाजवळ दोन अनोळखी मुली भेटल्या. 'मागोझाएमोनच्या घरून आलो, आता दुसऱ्या गावी चाललो,' म्हणाल्या. पुढे लवकरच त्या घरातली वीसेक माणसं विषारी अळंबी खाऊन एका दिवसात गेली, सात वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली. मुली का निघाल्या, हे कथेत कुठेच येत नाही.

देन्शोएनमध्ये ओशिरासामा या घरगुती देवतेची खोली चुकवू नका. तुतीच्या काठीच्या हजारभर बाहुल्या आहेत तिथे, कापडात गुंडाळलेल्या.